विंचवाचा दंश आणि शरीराचे दोन कारभारी

श्रोतेहो, हे भाषण संपायला सुमारे वीस मिनिटे लागतील. तेवढ्या अवधीत आपल्यापैकी प्रत्येकाच्या हृदयाचे चौदाशेच्या आसपास ठोके पडतील. नुकतेच जेवण झाले असेल तर जठरातले अन्न थोडे पुढे सरकेल. खोलीतला उजेड कमीजास्त झाला तर डोळ्यांतील बाहुल्या लहानमोठ्या होतील. आणि उकडत असेल तर अंगाला घाम सुटेल. यांपैकी एकाही गोष्टीची आज्ञा आपण दिलेली नसते. हात उचलावा की नाही हे आपल्या इच्छेवर आहे. परंतु हृदयाने चालावे की थांबावे हे निसर्गाने आपल्या इच्छेवर सोपवलेले नाही, आणि ते एका परीने बरेच झाले. नाहीतर डोळा लागताक्षणीच आपला सारा कारभार आटोपला असता!

आपल्या नकळत चालणारा हा कारभार मज्जातंतूंच्या ज्या यंत्रणेकडे आहे, तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १८९८ साली तिला हे नाव दिले. या संस्थेवर परिणाम करणारी औषधे कोणती, ती कशी काम करतात, आणि त्यांचे ज्ञान सामान्य माणसाच्या जीवनमरणाशी कसे निगडित आहे, हा आजचा विषय. नाव ऐकून विषय दूरचा वाटेल. पण तो दूरचा नाही. दम्याच्या रोग्याने तोंडाने ओढायचा पंप, रक्तदाबाची गोळी, नेत्रतपासणीपूर्वी डोळ्यांत घातलेला थेंब, सर्दीवर दुकानातून आणलेले औषध, ही सारी याच कुटुंबातली आहेत. कुंपणाशी उगवलेला धोतरा, शेतातल्या फवाऱ्यातले विष आणि कोकणातल्या दगडाखालचा तांबडा विंचू यांचाही या संस्थेशी असाच घनिष्ठ संबंध आहे.

प्रथम या संस्थेची घडण पाहू. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत: एक अनुकंपी आणि दुसरी परानुकंपी. एखाद्या राज्यात सेनापती आणि खजिनदार असे दोन कारभारी असावेत, तशा या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा म्हणजे सेनापती. संकट समोर उभे राहिले की तिचा अंमल सुरू होतो. हृदय जलद आणि जोराने धडधडू लागते, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या विस्फारतात, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन रक्त स्नायूंकडे वळते, यकृत आपली साखर रक्तात सोडते. लढायचे असो वा पळायचे असो, दोहोंची तयारी एकाच वेळी होते. परानुकंपी शाखा म्हणजे खजिनदार. शांततेच्या काळात संचय करणे हे तिचे काम. ती हृदयाचा वेग आवरते, तोंडाला लाळ आणि जठराला पाचकरस पुरवते, आतड्यांना चालना देते, बाहुली लहान करते, श्वासनलिका किंचित आवळते आणि मूत्राशय रिते करण्याची व्यवस्था पाहते.

हे दोन कारभारी परस्परांचे वैरी मात्र नव्हेत. बहुतेक इंद्रियांवर दोघांचाही अंमल सतत थोडाथोडा चालू असतो, आणि दोघांच्या ओढीतून जो समतोल साधतो, तीच त्या इंद्रियाची नित्याची स्थिती. एक उदाहरण देतो. तरुण माणसाच्या हृदयाचा संबंध सर्व मज्जातंतूंपासून तोडला, तर ते स्वतःच्या गतीने मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. विसावलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास असते, ती परानुकंपी शाखेने लगाम खेचून धरलेला असतो म्हणून. तेव्हा हृदयाचा वेग वाढवण्याचे दोन मार्ग झाले: चाबूक ओढणे किंवा लगाम सैल सोडणे. परिणाम वरवर सारखाच दिसतो, पण मार्ग भिन्न आहेत. औषधशास्त्राचा बराचसा भाग या एका भेदावर उभा आहे.

आता पुढचा प्रश्न असा की, मज्जातंतू आपला निरोप इंद्रियापर्यंत पोचवतो तरी कसा? मज्जातंतूमधून जाणारा संदेश विद्युत्‌स्वरूपाचा असतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळून आले होते. पण तंतूचे टोक आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. ती संदेश कसा ओलांडतो? या कोड्याचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ऑटो लोवी यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले. त्या प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. पहिल्या रात्री जागे होऊन त्यांनी ती कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाकडे जाणारा परानुकंपी मज्जातंतू त्यांनी चेतवला. अपेक्षेप्रमाणे ते हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचे पाणी काढून त्यांनी दुसऱ्या हृदयात घातले. या दुसऱ्या हृदयाला कोणीही स्पर्श केलेला नव्हता. तरी तेही मंदावले! याचा अर्थ उघड होता. मज्जातंतूच्या टोकातून एखादा रासायनिक पदार्थ स्रवतो आणि तोच निरोप नेतो. तो पदार्थ म्हणजे असिटिलकोलिन. या कार्याबद्दल लोवी आणि लंडनचे हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अनुकंपी शाखेचा दूत नॉरअॅड्रेनलिन हा आहे, हे पुढे १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवून दिले. त्याचा सख्खा भाऊ अॅड्रेनलिन हा मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून सरळ रक्तात उतरतो. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी तो १९०१ साली शुद्ध स्फटिकरूपात मिळवला होता.

निरोप नेणारा दूत कळला; पण निरोप घेणारा कोण? लँगली यांनीच १९०५ साली असे अनुमान केले होते की, पेशीवर काही विशिष्ट ग्रहणशील द्रव्य असले पाहिजे. आज आपण त्याला ग्राही म्हणतो. दूत ही किल्ली आणि ग्राही हे कुलूप, असे समजले म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. असिटिलकोलिनची कुलपे दोन जातींची असतात. त्यांची नावे ज्या विषांनी ती प्रथम ओळखली गेली, त्यांवरून पडली आहेत. एका विषारी भूछत्रातील मस्करिनने उघडणारी ती मस्करिनी, आणि तंबाखूतील निकोटिनने उघडणारी ती निकोटिनी. हृदय, आतडी, लाळग्रंथी, डोळा या ठिकाणी मस्करिनी कुलपे असतात. हातापायांच्या स्नायूंवर आणि मज्जातंतूंच्या मधल्या ठाण्यांवर निकोटिनी असतात.

अॅड्रेनलिनच्या कुलपांचा उलगडा होण्यास अधिक काळ लागला. एकच अॅड्रेनलिन काही रक्तवाहिन्या आवळते आणि काही सैल करते, याचे कोडे कोणाला सुटत नव्हते. अमेरिकेतील रेमंड अॅल्क्विस्ट यांनी १९४८ साली ते सोडवले. कुलपेच दोन प्रकारची आहेत, असे त्यांनी मांडले, आणि त्यांना आल्फा व बीटा अशी नावे दिली. आल्फा कुलूप उघडले की रक्तवाहिनी आवळते. बीटाचे पुढे आणखी भेद झाले: पहिल्या प्रकारचे बीटा मुख्यत्वे हृदयात, ते उघडले की हृदय जोराने चालते, दुसऱ्या प्रकारचे श्वासनलिकांत, ते उघडले की श्वासनलिका मोकळ्या होतात. अॅल्क्विस्ट यांच्या विचाराकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज मात्र जगातील कोट्यवधी लोकांची औषधे याच विचारावर आधारलेली आहेत.

एवढी सामग्री जवळ आली म्हणजे या औषधांचा व्यवहार चार वाक्यांत सांगता येतो. औषध दुसरी किल्ली बनून कुलूप उघडते. किंवा कुलपात अडकून बसते आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही. किंवा दूताचा नाश लांबवून त्याचा अंमल वाढवते. किंवा दूतांचे कोठारच रिकामे करते. या चारही रीतींची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत.

पहिली रीत नकली किल्लीची. एखाद्याला पेनिसिलिनचे वावडे असते आणि टोचताक्षणी त्याचा रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वास कोंडतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत टोचलेले अॅड्रेनलिन जीव वाचवते. कारण ते एकाच वेळी आल्फा कुलपांतून रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते, हृदयाला जोर देते आणि श्वासनलिका उघडते. पण दम्याच्या रोग्याला यातली केवळ शेवटची क्रिया हवी असते. त्याच्या हृदयाला उगाच धडधडायला लावण्यात काय लाभ? म्हणून शास्त्रज्ञांनी मुख्यतः दुसऱ्या प्रकारचेच बीटा कुलूप उघडणारी किल्ली घडवली. तीच साल्ब्युटामॉल. ही निवड मुख्यतः आहे, सर्वस्वी नाही, हे लक्षात ठेवावे. पंप अधिक वेळा ओढला की हात कापतात आणि छाती धडधडते, ती याचमुळे.

दुसरी रीत कुलूप अडवण्याची. तिचे जुने उदाहरण धोतरा. धोतऱ्यातील अॅट्रोपिन आणि त्याचे सोबती मस्करिनी कुलपे अडवतात. परिणामी परानुकंपी शाखेचे सारे काम बंद पडते: तोंड कोरडे होते, गिळता येत नाही, बाहुल्या विस्फारतात, दृष्टी अंधुक होते, लगाम सुटल्याने नाडी धावू लागते, लघवी अडते. त्वचा कोरडी आणि तापलेली राहते. कारण घामग्रंथींकडे जाणारे तंतू जरी अनुकंपी असले, तरी त्यांचा दूत अपवादाने असिटिलकोलिन हाच आहे. मेंदूवरही अंमल होऊन रोगी बरळू लागतो. वाटसरूंना धोतऱ्याचे बी चारून लुटण्याचा धंदा आपल्या देशात एके काळी चालत असे, तो या गुणाच्या जोरावर. युरोपातील बेलाडोना ही याच वर्गातली वनस्पती. तिच्या नावाचा अर्थ सुंदर स्त्री असा आहे, कारण डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिचा रस डोळ्यांत घालण्याची चाल इटलीत होती. आजचा नेत्रवैद्य बाहुली मोठी करून डोळ्याच्या आत पाहतो, तो याच वर्गातील सौम्य औषधाच्या थेंबाने.

बीटा कुलपे अडवण्याची कल्पना ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांची. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला चालताना छातीत कळ येते. सर्वांचा प्रयत्न हृदयाला जास्त रक्त पुरवण्याचा होता. ब्लॅक यांनी विचार उलटा केला: पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करावी. त्यातून प्रोप्रॅनोलॉल निर्माण झाले. त्याचे निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु हेच औषध श्वासनलिकांतील बीटा कुलपेही अडवते, म्हणून दम्याच्या रोग्याला ते घातक ठरू शकते. एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष, असे आपण म्हणतो. येथे ते अक्षरशः खरे आहे.

चौथी रीत, कोठार रिते करण्याची, आधी सांगतो. कारण तिचा मान आपल्या भूमीकडे जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर वापर करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. अनुकंपी तंतूंच्या टोकांशी साठवलेले नॉरअॅड्रेनलिन ते हळूहळू रिकामे करते. सेनापतीजवळ दूतच उरले नाहीत म्हणजे रक्तवाहिन्या आवळणार कोण? पण मेंदूतील कोठारेही रिकामी होऊन काही रोग्यांना औदासीन्य येते, म्हणून पुढे अधिक निवडक औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

आता उरली तिसरी रीत, दूताचा नाश लांबवण्याची. असिटिलकोलिनचे आयुष्य क्षणभंगुर असते. निरोप पोचवताच एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकते, म्हणूनच पुढचा निरोप स्वच्छ पोचू शकतो. पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार भागात एका विषारी घेवड्याच्या बीने आरोपींचे दिव्य करीत. बी खाऊन जगला तो निर्दोष, मेला तो अपराधी! त्या बीतील फायसोस्टिग्मिन हे त्या एन्झाइमाला काही तास बांधून ठेवते. कमी मात्रेत याच गुणाचा औषधासारखा उपयोग होतो. धोतऱ्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून वैद्यांनी त्याचा वापर केला आहे, कारण दूतांची संख्या वाढली की ते अॅट्रोपिनला कुलपातून हुसकू शकतात.

परंतु हेच एन्झाइम कायमचे जखडणारी द्रव्ये माणसाने विसाव्या शतकात बनवली. ती म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके. शेतकरी त्यांना सहज फवारणीचे औषध म्हणतो; पण त्यांची करणी औषधाची नव्हे. नाश न झालेले असिटिलकोलिन साचत जाते आणि खजिनदाराचा कारभार बेफाम होतो: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, डोळे गळतात, अंग घामाने निथळते, पोटात मुरडा येतो, नाडी मंदावते, आणि सर्वांत वाईट म्हणजे छातीत पाणी भरल्यासारखे स्राव दाटून श्वास कोंडतो. निकोटिनी कुलपांवरच्या अतिरेकाने स्नायू प्रथम फडफडतात आणि मग लुळे पडतात. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळले गेलेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेल्यामुळे तेवीस मुलांचा बळी गेला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले; त्या फवाऱ्यांत अनेक द्रव्ये मिसळलेली होती आणि त्यांत याही वर्गातली होती.

येथे एक विलक्षण गोष्ट पाहा. धोतऱ्याचे विष आणि या कीटकनाशकांचे विष यांची लक्षणे एकमेकांच्या अगदी उलट आहेत: एकात कोरड, दुसऱ्यात पाझर, एकात बाहुली मोठी, दुसऱ्यात बारीक. म्हणूनच धोतऱ्यातले अॅट्रोपिन हा कीटकनाशकाच्या विषबाधेवरचा मुख्य उतारा ठरला. छाती कोरडी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा देतात. लुळ्या पडलेल्या स्नायूंवर मात्र त्याचा इलाज चालत नाही, कारण ती कुलपे निकोटिनी. तेथे यंत्राने श्वास चालवावा लागतो आणि एन्झाइमाची सुटका करू पाहणारी निराळी औषधे द्यावी लागतात. हे विष कातडीतूनही अंगात शिरते. फवारताना अंगावर सांडले तर कपडे ताबडतोब उतरवून साबणाने अंग धुणे, आणि मग विलंब न करता रुग्णालय गाठणे, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता आपण कोकणातल्या विंचवाकडे येऊ. कारण दोन्ही कारभारी एकदमच बेफाम झाले तर काय करावे, याचा धडा त्याने दिला आहे.

सर्वच विंचू प्राणघातक नसतात. काळी, थोराड इंगळी पाहून माणसाचा थरकाप होतो, पण खरा धोका तिच्याहून लहान अशा तांबड्या विंचवाचा. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांखेरीज सौराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू, केरळ या प्रदेशांतही तो आढळतो. त्याचे विष मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमची दारे उघडी ठेवते, म्हणून तंतू पुनःपुन्हा चेतत राहतात आणि आपले दूत भरमसाट ओततात. आरंभी खजिनदाराचा अंमल दिसतो: वांत्या, लाळ, अंगभर घाम, कधी नाडीचे मंदावणे. पाठोपाठ सेनापतीचा तडाखा येतो. अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचा पूर लोटतो. हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब भडकतो, नाडी धावू लागते. सर्व रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यामुळे हृदयाला जणू बंद दरवाजावर धडका द्याव्या लागतात. ते थकते, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, आणि पुष्कळदा धडधाकट मूल किंवा तरुण माणूस काही तासांत दगावतो.

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७० च्या दशकात डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचूदंशाचे असे रुग्ण ते रात्रंदिवस पाहत होते. त्या काळी यावर ठाम असा उपचार नव्हता. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान यांची तासातासाने नोंद केली, आणि मृत्यू फुफ्फुसांत पाणी भरून, हृदय थकून येतो, हे निश्चित केले. १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न आपणही आपल्या कुलूपकिल्लीच्या ज्ञानाने सोडवून पाहू. रोगी घामाने निथळतो आहे, लाळ गळते आहे. तर मग अॅट्रोपिन द्यावे काय? कीटकनाशकात ते तारक होते. पण येथे ते दिले तर हृदयाचा उरलासुरला लगामही सुटेल, आणि मागून येणाऱ्या अनुकंपी लाटेला रान मोकळे मिळेल. बरे, हृदय धावते आहे म्हणून प्रोप्रॅनोलॉल द्यावे काय? त्याने हृदयाचा जोर कमी होईल, पण आल्फा कुलपांमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतील. दरवाजा बंद, आणि धडका देणाऱ्याचे बळही काढून घेतलेले. असा रोगी अधिकच लवकर बुडेल. तेव्हा उरला एकच सरळ मार्ग: दरवाजा उघडणे. म्हणजेच आल्फा कुलपे अडवणारे औषध देणे.

असे औषध बाजारात होते. प्राझोसिन हे त्याचे नाव. उच्च रक्तदाबासाठी ते वापरात आलेले होते. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेण्याच्या गोळीच्या रूपात मिळत होते. म्हणजे ज्या खेड्यात ना अतिदक्षता विभाग ना विजेची शाश्वती, तेथेही ते देता येणार होते. डॉक्टर बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला ते विंचूदंशाच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि १९८६ साली लॅन्सेटमध्ये त्याचा अनुभव मांडला. गोळी पोटात गेल्यावर काही वेळाने थंड पडलेले हातपाय ऊबदार होऊ लागत, दाब उतरे, श्वास मोकळा होई. गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी शेकडा तीसच्या घरात होते. प्राझोसिननंतर ते शेकडा एकच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषाची जोड मिळाली. २०११ साली त्यांनी सत्तर रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष मिळालेल्या पस्तीस रुग्णांपैकी बत्तीस जण दहा तासांत पूर्ण सावरले; नुसते प्राझोसिन मिळालेल्या पस्तिसांपैकी तेवढ्या वेळात आठ. हे कसे, तेही आपल्याला आता कळू शकते. प्राझोसिन विषाचा परिणाम अडवते, तर प्रतिविष विषालाच पकडते. २०२२ साली भारत सरकारने डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरवले.

या कथेतून श्रोत्यांनी आपल्यापुरते एक व्यवहारज्ञान घ्यावे. विंचू चावल्यावर होणारी वेदना हा धोक्याचा मापदंड नव्हे. वेदना असह्य असूनही बाकी सर्व ठीक असू शकते. उलट वेदना थोडी, पण वांती, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय अशी लक्षणे दिसली, तर ती संकटाची घंटा समजावी. मंत्र, उतारे, घट्ट बांधणे यांत वेळ दवडू नये. जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघावे. आणि प्राझोसिनची गोळी घरच्या घरी आपल्या बुद्धीने देण्याचे धाडसही करू नये. तिच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकाएकी उतरून उभा राहिलेला माणूस भोवळ येऊन पडू शकतो. रुग्णाला आडवे ठेवून, दाबावर लक्ष ठेवूनच ती द्यावयाची असते.

आता रोजच्या घरगुती औषधांविषयी थोडे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाकाच्या रक्तवाहिन्या आवळून ते मोकळे करणारे द्रव्य असते. ते आल्फा कुलपेच उघडते, आणि ती कुलपे केवळ नाकात नसतात. म्हणून उच्च रक्तदाबाच्या माणसाने अशी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्दी आणि खाज यांवरच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या औषधांत धोतऱ्याचा गुण थोडासा असतो. तरुणाला त्याने केवळ तोंड कोरडे पडेल. पण पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धाची लघवी त्याने अडू शकते आणि तो रात्री भ्रमिष्टासारखा वागू शकतो. अशा वेळी घरची मंडळी वयाला दोष देतात, आणि दोष गोळीचा असतो. त्याच ग्रंथीच्या तक्रारीवर प्राझोसिनचेच भाऊबंद उपयोगी पडतात, कारण मूत्राशयाच्या मुखाशीही आल्फा कुलपे आहेत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाच्या काही थेंबांत बीटा कुलपे अडवणारे औषध असते. थेंब डोळ्यांत पडला, तरी अश्रूंच्या वाटेने नाकात उतरून तो रक्तात शिरतो आणि दमेकऱ्याचा श्वास आवळू शकतो. शेवटी, हृदयासाठी बीटा अडवणारी गोळी नित्य घेणाऱ्याने ती एकाएकी बंद करू नये. कुलपे अडलेली असताना शरीर कुलपांची संख्या वाढवून ठेवते. अडसर अचानक निघाला की ती सारी एकदम उघडतात, आणि पूर्वीपेक्षा जोराची कळ छातीत येऊ शकते.

यावरून एक सूत्र निघते. आपण औषध डोळ्यासाठी घेतो, नाकासाठी घेतो, छातीसाठी घेतो. पण औषधाला इंद्रियांची नावे ठाऊक नसतात. त्याला ओळखू येते ते फक्त कुलूप, आणि तेच कुलूप निसर्गाने शरीरात अनेक ठिकाणी बसवलेले आहे. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आपण घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे, थेंबाचे आणि पंपाचे नाव त्यांना सांगणे हा आपल्या उपचाराचाच भाग समजावा. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात जवळ फारशी साधने नव्हती. होते ते रुग्णाजवळ रात्रभर जागण्याचे कष्ट, आणि कोणत्या दूताने कोणते कुलूप उघडले आहे याचा नीट विचार. तेवढ्यावर एका स्वस्त, जुन्या गोळीचा नवा उपयोग सापडला. आणि कोकणातल्या ज्या घरांत विंचू चावला की अघटित ठरलेले असायचे, त्यांपैकी बहुतेक घरांतली माणसे दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी परतू लागली.